आचारी, आचार्य आणि एक अर्धा र

१/
गोंदिया जिल्ह्यातील आमगाव हे मुंबई–हावडा लोहमार्गावरचे, भातशेतीच्या प्रदेशातले तालुक्याचे गाव. त्याच्या लगतचे पदमपूर हे संस्कृत नाटककार भवभूतीचे मूळ गाव मानले जाते. आठव्या शतकातील या नाटककाराने ‘मालतीमाधव’च्या प्रस्तावनेत आपल्या टीकाकारांना खडसावले आहे. आजचा धागा त्या खडसावण्यापासून सुरू होतो आणि संगणकावरील मराठीतल्या एका अर्ध्या ‘र’पाशी पोहोचतो. निर्माता आणि त्याच्या कृतीतील दोष दाखवणारा यांचे का पटत नाही, हा त्याचा विषय. 🧵

२/
आधी पदमपूरविषयी. आपले घराणे दक्षिणापथातील पद्मपुराचे, असे भवभूती स्वतःच सांगतो. दुर्ग येथे सापडलेल्या वाकाटकांच्या एका अपूर्ण ताम्रपटातही पद्मपुराचा उल्लेख आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी हे पद्मपूर म्हणजे आमगावजवळचे पदमपूर, असे मत मांडले. आमगावच्या महाविद्यालयालाही भवभूतीचेच नाव आहे. एवढ्या मोठ्या कवीलाही ‘आपली कृती लोकांना समजली नाही’ ही खंत होती. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : जे आमची अवहेलना करतात त्यांच्यासाठी हा खटाटोप नाहीच. समान वृत्तीचा कोणीतरी कुठेतरी असेल किंवा पुढे जन्मेल, कारण काळाला अंत नाही आणि पृथ्वी विशाल आहे.

३/
आता बाराशे वर्षे पुढे येऊ. एक काल्पनिक प्रसंग डोळ्यांसमोर आणावा. आमगावच्या बाजारपेठेत टायपिंग आणि झेरॉक्सचे एक छोटे दुकान आहे. गावातील उत्सव समितीचा जमाखर्च छापायचा आहे आणि त्यात एक ओळ अशी : ‘आचाऱ्यांना दिलेले मानधन’. दुकानातील तरुण फुकट मिळणारे, मुक्त परवान्याचे सॉफ्टवेअर वापरतो. पडद्यावर ‘ऱ्या’ जुळत नाही. र, त्याखाली टिंब, पाय मोडल्याची खूण आणि पुढे सुटा ‘या’, असे काहीतरी उमटते. गिऱ्हाईक समोर उभे आहे. तरुण नेहमीचा ‘र्या’ टाकतो आणि मोकळा होतो. कागदावर छापून येते : ‘आचार्यांना दिलेले मानधन’. स्वयंपाक करणारे विद्वान ठरतात.

४/
रात्री तो तरुण त्या सॉफ्टवेअरच्या तक्रारवहीत दोन शब्द लिहितो : ‘मराठी चालत नाही.’ जगाच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस नोकरीवरून घरी येऊन, जेवण उरकून ती वही उघडतो. त्याला मराठी येत नाही. कोणती आवृत्ती, कोणता टंक, कोणते अक्षर, काय दिसायला हवे होते आणि काय दिसले, यांपैकी काहीच तिथे लिहिलेले नाही. ‘अधिक माहिती द्या’ असे लिहून तो पुढे सरकतो. तरुणाला वाटते, यांना आपल्या भाषेची किंमत नाही. त्या माणसाला वाटते, यांना माझ्या वेळेची किंमत नाही. दोघेही प्रामाणिक असतात आणि दोघेही दुखावतात.

५/
या माणसाला त्या जगात ‘मेंटेनर’ म्हणतात, म्हणजे सांभाळ करणारा. एखादे सॉफ्टवेअर लिहून झाले की काम संपत नाही. यंत्रे बदलतात, भाषा वाढतात, सुरक्षेच्या फटी सापडतात. त्या सगळ्याची डागडुजी हा माणूस करतो आणि पुष्कळदा विनावेतन करतो. ‘ओपन सोर्स’ किंवा मुक्तस्रोत याचा अर्थ, सॉफ्टवेअरची मूळ संहिता सर्वांना वाचता, बदलता आणि वाटता येते. ही कल्पना उदात्त आहे. तिच्या उगमाशी मात्र एक न ऐकली गेलेली तक्रार आहे.

६/
गोष्ट १९८० च्या सुमाराची. अमेरिकेतील एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा नवा लेझर प्रिंटर आला. तो वारंवार अडकत असे. रिचर्ड स्टॉलमन यांनी आधीच्या प्रिंटरच्या संहितेत बदल करून, कागद अडकताच लोकांना सूचना जाईल अशी सोय केली होती. नव्या प्रिंटरची संहिता मात्र त्यांना मिळाली नाही. दोष दिसत होता, दुरुस्त करण्याची तयारी होती, पण दार बंद होते. २७ सप्टेंबर १९८३ रोजी स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली. वापरणाऱ्याला दोष दुरुस्त करण्याचा हक्क हवा, हा त्या चळवळीचा गाभा होता.

७/
दोषाला ‘बग’ म्हणजे किडा म्हणण्याची प्रथा त्याहूनही जुनी. एडिसनच्या १८७८ मधील पत्रातही हा शब्द या अर्थाने येतो. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डच्या ‘मार्क २’ संगणकात खराच पतंग अडकलेला सापडला आणि तो नोंदवहीत चिकटपट्टीने लावून ठेवण्यात आला. इतिहासाच्या विद्यार्थ्याने या पानाकडे थोडे थांबून पाहावे. दोष, तारीख, वेळ आणि पुरावा असे सारे एकाच पानावर आहे. आदर्श तक्रार कशी असावी, याचा तो गमतीदार नमुनाच होय.

८/
आपल्याकडे तक्रारवही म्हटले की एस. टी. आठवते. बस उशिरा आली, वाहक उर्मट बोलला, की प्रवासी तक्रारवही मागतो. त्या मागणीमागे तिकीट असते. पैसे दिले, म्हणून सेवा हवी, हा करार दोन्ही बाजूंना ठाऊक असतो. मुक्त सॉफ्टवेअरच्या वहीमागे तिकीट नाही. १९८९ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या ‘ग्नू’च्या सार्वजनिक परवान्यात, आणि त्यासारख्या बहुतेक परवान्यांत, हे स्पष्टच लिहिलेले असते की वस्तू जशी आहे तशी दिली आहे, तिच्याबद्दल कोणतीही हमी नाही. वही ठेवली आहे, पण तिच्यात लिहिलेल्या तक्रारीला उत्तर देण्यास कायद्याने कोणीही बांधलेले नाही.

९/
मग हे नाते नेमके कशासारखे? वैशाखात रस्त्याकडेला लावलेल्या पाणपोईसारखे. कोणीतरी स्वखुशीने रांजण भरून ठेवतो. हळूहळू सारा बाजार त्या रांजणावर विसंबतो, शेजारचा हॉटेलवाला त्याच पाण्याचा चहा करून विकू लागतो. एके दिवशी रांजण कोरडा असतो आणि लोक खवळतात. ‘धर्माची गाय आणि दात का नाय’ ही म्हण अशा वेळी रांजणवाल्याच्या तोंडी येते. परंतु तहानलेल्याचेही खोटे नसते. तो ज्या पाण्याच्या भरवशावर घरून तांब्या न घेता निघाला, ते पाणी आता केवळ दान राहिलेले नाही. दानाची सार्वजनिक सोय कधी झाली, तो क्षण कोणीच नोंदवलेला नसतो. भांडणाचे मूळ त्या न नोंदवलेल्या क्षणात आहे.

१०/
आता पुन्हा त्या अर्ध्या ‘र’कडे. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. आचार्य म्हणजे गुरू, आचाऱ्यांना म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना. मराठीत रफार आणि हा आडवा अर्धा ‘र’ यांनी अर्थ बदलतो. हिंदीला या भेदाची गरज भासत नाही. त्यामुळे देवनागरी म्हणजे हिंदी, असे गृहीत धरून केलेल्या यंत्रात मराठीचा हा भेद सहज निसटतो. तो निसटला आहे, हे हिंदी वाचणाऱ्याला दिसणार नाही आणि देवनागरी न वाचणाऱ्याला तर नाहीच नाही. दिसेल तो फक्त मराठी वाचणाऱ्याला.

११/
१९९१ हे या कथेतील कळीचे वर्ष. त्या वर्षी भारतीय लिप्यांसाठीचे ‘इस्की’ हे मानक भारतीय मानक ब्यूरोने स्वीकारले. ऑगस्टमध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी ‘लिनक्स’ची पहिली वार्ता दिली. ऑक्टोबरमध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली आणि तिच्यातील देवनागरीची मांडणी ‘इस्की’च्या आधीच्या, १९८८ च्या मसुद्यावर बेतलेली होती. युनिकोडच्या तक्त्यात ‘ऱ’ हे अक्षर आहे, पण त्याची ओळख द्राविडी भाषांतील एका ध्वनीच्या लिप्यंतरासाठीचे अक्षर अशी दिलेली आहे. त्याचे अर्धे रूप पापणीसारखे दिसते आणि ते मराठी व नेवारी लेखनात वापरले जाते, असा खुलासा नियमांत सापडतो. मराठीचा रोजचा अर्धा ‘र’ असा दुसऱ्याच्या नावाच्या कप्प्यात राहायला गेला.

१२/
गुंता इथेच थांबत नाही. हा अर्धा ‘र’ साध्या ‘र’ला हलन्त आणि एक अदृश्य जोडखूण लावूनही काढता येतो. युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून तो मार्गही चालू ठेवला आहे. डोळ्यांना दोन्ही ‘दुसऱ्या’ एकसारखे दिसतात, यंत्राच्या लेखी मात्र ते दोन निराळे शब्द असतात. एका पद्धतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या पद्धतीने शोधला तर अनेक ठिकाणी सापडत नाही. तक्रार येते : ‘शोध चालत नाही.’ मेंटेनर स्वतः टंकून पाहतो, त्याच्याकडे शोध व्यवस्थित चालतो. तो नोंद बंद करतो. तक्रारदाराला वाटते, आपल्याला खोटे ठरवले. खोटे कोणीच नव्हते. दोघांनी दोन वेगळे ‘र’ टंकले होते.

१३/
याहून मोठे दुखणे टोलवाटोलवीचे. पडद्यावर एक अक्षर उमटण्यासाठी किती हात लागतात? कळफलक कोणते क्रमांक पाठवायचे ते ठरवतो. टंकात आकार असतात. त्या आकारांची जुळणी करणारे वेगळे यंत्र असते. वर मूळ कार्यक्रम असतो आणि मजकूर कोणत्या भाषेतला आहे, हे सांगणारी खूणही असते. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे हिंदीहून वेगळी. काही मुक्त टंकांत दोन्ही वळणे असतात, पण मजकूर मराठी आहे हे सांगितले गेले तरच मराठी वळण उमटते. तक्रार टंकाकडे जाते. टंकवाला म्हणतो, कार्यक्रमाला विचारा. कार्यक्रमवाला म्हणतो, मजकुरावर भाषेची खूण नाही. प्रत्येकाचे उत्तर तांत्रिकदृष्ट्या बरोबर, आणि तक्रारदार मात्र सरकारी कचेरीत या टेबलावरून त्या टेबलावर फिरावे तसा फिरत राहतो.

१४/
यात काळ किती जातो, याचे एक उदाहरण. ‘ॲप’ या शब्दातील ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक मिळाला तो २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत. म्हणजे पहिल्या आवृत्तीनंतर सुमारे १७ वर्षांनी. तोपर्यंत लोकांनी ‘अ’वर चंद्र चढवून पाहिला, हिंदीतला ‘ऍ’ वापरला, नाहीतर सरळ ‘अ‍ॅ’च्या जोडण्या केल्या. जुन्या मराठी मजकुरात ही सारी रूपे आजही सापडतात. पुढे कोणी या काळातील मराठीचा इतिहास लिहील, तेव्हा त्याला ही रूपे शुद्धलेखनाच्या चुका वाटण्याचा धोका आहे. वस्तुतः त्या यंत्राच्या मर्यादेच्या खुणा आहेत.

१५/
आचारी–आचार्य प्रकरणाचे गांभीर्य इथे आहे. न नोंदवलेला दोष नाहीसा होत नाही, तो रूढी बनतो. ‘दुसर्या’, ‘पुर्या’, ‘करणार्या’ अशी रूपे आज सर्रास दिसतात. लिहिणाऱ्यांना मराठी येत नव्हते, असे नाही. त्यांच्यातील पुष्कळांनी केव्हातरी यंत्रापुढे हात टेकले आणि पुढे त्याचीच सवय झाली. मोठ्या भाषेचा दोष लाखो लोकांच्या नजरेस पडतो, त्यामुळे कोणीतरी तो नोंदवतोच. लहान भाषेच्या, लहान गावातील माणसाने तो नोंदवला नाही, तर तो नोंदवणारा दुसरा कोणी नसतो. त्याच्या मौनाची किंमत त्याची भाषा भरते.

१६/
पण सांभाळ करणाऱ्याची बाजूही तितक्याच गांभीर्याने ऐकली पाहिजे. २००८ मध्ये ‘गिटहब’ सुरू झाले आणि तक्रार नोंदवणे एका कळीचे काम झाले. जानेवारी २०१६ मध्ये अनेक मेंटेनरांनी गिटहबला उद्देशून जाहीर पत्र लिहिले. अपुऱ्या माहितीच्या नोंदी आणि ‘मलाही हाच त्रास’ एवढेच सांगणाऱ्या असंख्य प्रतिक्रिया यांनी ते बेजार झाले होते. त्यानंतर काही आठवड्यांतच तक्रारीसाठी ठरावीक नमुना ठेवण्याची आणि शब्दांऐवजी चिन्हाने दुजोरा देण्याची सोय आली. नमुन्याचा अर्ज ही वरवर रुक्ष गोष्ट आहे. तरी त्या अर्जाने किती उद्धट संवाद जन्मण्याआधीच टळले असतील, याची कल्पना करता येते.

१७/
उद्धटपणा दोन्हीकडे असतो. डिसेंबर २०१२ मध्ये लिनक्सच्या गाभ्यातील एका बदलामुळे लोकांचे ध्वनीविषयक कार्यक्रम बिघडले. एका मेंटेनराने दोष त्या कार्यक्रमांवर ढकलला. टोरवाल्ड्स यांनी त्याला जाहीरपणे, अत्यंत कठोर भाषेत फटकारले. त्यांचे तत्त्व असे, की गाभ्यातील बदलामुळे वापरणाऱ्याचे चालते काम मोडले, तर दोष गाभ्याचाच. तत्त्व वापरणाऱ्याच्या बाजूचे होते, भाषा मात्र माणसाला मोडणारी होती. सप्टेंबर २०१८ मध्ये टोरवाल्ड्स यांनी आपल्या वागण्याबद्दल माफी मागितली, काही काळ काम थांबवले आणि त्याच सुमारास लिनक्सने आचारसंहिता स्वीकारली.

१८/
तक्रार हे शस्त्रही होऊ शकते, हे ‘एक्सझेड’ प्रकरणाने दाखवले. फायली आवळून लहान करणारे हे साधन असंख्य संगणकांत असते. ते दीर्घकाळ सांभाळणारे लासे कॉलिन हे काम छंद म्हणून, विनामोबदला करत होते. २०२२ मध्ये काही अनोळखी नावांनी त्यांच्यावर सतत दबाव आणला : सुधारणा वेळेवर येत नाहीत, जबाबदारी दुसऱ्याकडे द्या. कॉलिन यांनी आपल्या मानसिक आरोग्याच्या अडचणीही सांगितल्या. अखेर ‘जिया तान’ या नावाने मदत करणाऱ्या व्यक्तीकडे अधिकार गेले आणि २०२४ च्या आरंभी निघालेल्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट बसवली गेली. थकलेल्या माणसाला लाज वाटेल अशी तक्रार करायची आणि किल्ली मिळवायची, असा तो डाव होता, असे आज मानले जाते.

१९/
तो डाव उधळला तोही एका तक्रारीनेच. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरस्थ संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, असे जाणवले. दुसऱ्या कोणी ते सोडून दिले असते. त्यांनी कारण शोधले, पुरावा जुळवला आणि २९ मार्च २०२४ रोजी सविस्तर जाहीर नोंद केली. एकाच कथेत तक्रारीचे दोन चेहरे आहेत. पहिलीत आवाज होता, पुरावा नव्हता आणि रोख माणसावर होता. दुसरीत मोजमाप होते, पुरावा होता आणि रोख वस्तूवर होता.

२०/
भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’तही एक तक्रार आणणारा आहे. रामाने लोकमत जाणण्यासाठी नेमलेला दुर्मुख पहिल्या अंकात सीतेविषयीचा लोकापवाद घेऊन येतो. नाव पाहा : दुर्मुख. वाईट वार्ता आणणाऱ्याचे तोंडच वाईट ठरते! पुढे राम सीतेचा त्याग करतो आणि उरलेले नाटक त्या निर्णयाच्या पश्चात्तापात भिजलेले आहे. वार्ता आणणाऱ्याने आपले कर्तव्य केले होते. ऐकीव बोलणे आणि पडताळलेले सत्य यांतील अंतर मात्र कोणी मोजले नाही. आणणाऱ्याला दुर्मुख म्हणणे सोपे, पडताळणे कठीण, हा धडा भवभूतीने त्या काळी नाट्यरूपाने दिला होता.

२१/
मराठीच्या इतिहासात सांभाळ करणाऱ्याचा सर्वांत ठळक आदर्श म्हणजे संत एकनाथ. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत पाठभेद आणि अशुद्धे शिरली होती. शके १५०६, म्हणजे १५८४ मध्ये एकनाथांनी तिची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि यापुढे कोणी आपली ओवी त्यात घुसवू नये, असे कडक शब्दांत बजावले. सांभाळणाऱ्याचा हा करारीपणा आहे. परंतु १९०९ मध्ये वि. का. राजवाडे यांनी एकनाथपूर्व मानलेली प्रत प्रसिद्ध केली आणि ज्ञानेश्वरीच्या मूळ पाठाची चर्चा पुन्हा रंगली. आजच्या भाषेत, राजवाड्यांनी ‘फोर्क’ केला, म्हणजे वेगळा फाटा काढला. एकनाथांमुळे ग्रंथ टिकला, राजवाड्यांमुळे प्रश्न टिकला. परंपरेला दोघांचीही गरज होती.

२२/
संगणकीय देवनागरीतही असे एक सुंदर काम झाले. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड आणि लिब्रेऑफिस यांत अक्षरजुळणीसाठी ‘हार्फबझ’ हे मुक्त यंत्र वापरले जाते. ते घडवणारे बेहदाद एस्फहबोद मूळचे इराणचे. २०१२ च्या सुमारास भारतीय लिप्यांसाठी काम करताना विकिपीडियातील शब्दांचे प्रचंड संच तपासले गेले. देवनागरीचे सात लाखांहून अधिक शब्द या यंत्राने जुळवायचे, ते मायक्रोसॉफ्टच्या यंत्राच्या निकालाशी ताडायचे आणि न जुळणारे वेगळे काढायचे. अखेरीस न जुळणाऱ्यांची संख्या शंभराच्याही खाली आली. ते सात लाख शब्द कोणा एका पंडिताने दिले नव्हते. अनेक सामान्य लोकांनी विकिपीडियावर केलेल्या विनावेतन लेखनातून ते आले होते. वापरणारे आणि सांभाळणारे इथे एकमेकांना न भेटताच एकत्र आले.

२३/
‘तक्रार’ हा शब्द फारसीतून मराठीत आला, मूळ अरबी. त्याचा मूळ अर्थ पुनरावृत्ती. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणणे, त्यातून वाद, आणि वादातून गाऱ्हाणे, असा तो अर्थ सरकत गेला. योगायोग असा की, दोषनोंदीची कसोटी नेमकी तीच आहे. जो दोष दुसऱ्याच्या यंत्रावर पुन्हा घडवून दाखवता येतो, तीच खरी तक्रार. ‘मराठी चालत नाही’ हा उद्गार आहे. ‘अमुक आवृत्तीत, अमुक टंकात, ऱ, हलन्त आणि य या क्रमाने टंकल्यावर जोडाक्षर होत नाही. सोबत दोन चित्रे आहेत. या भेदामुळे स्वयंपाक करणाऱ्याचा गुरू होतो’ ही तक्रार आहे. आमगावच्या त्या तरुणाकडे यासाठी लागणारी सर्वांत दुर्मीळ गोष्ट आधीच आहे : चूक ओळखणारा डोळा. उरलेले सारे शिकता येते.

२४/
सांभाळणाऱ्यालाही काही शिकावे लागते. अपुऱ्या नोंदीमागे अनेकदा आळस नसतो. परक्या भाषेत, परक्या परिभाषेत, पहिल्यांदाच बोलण्याचा संकोच असतो. ‘माझ्याकडे तर चालते’ हे उत्तर खरे असूनही दार लावून घेते. ‘तुम्ही कोणत्या कळा दाबल्या?’ हा प्रश्न तेच दार उघडतो. दोन्ही वाक्ये लिहायला सारखाच वेळ लागतो.

२५/
हा प्रश्न मराठीपुरता संपलेला नाही. आमगावच्या पूर्वेला सालेकसा, दक्षिणेला देवरी, आणि पलीकडे बालाघाट. या पट्ट्यात गोंडी ऐकू येते. बालाघाटचे मुन्शी मंगलसिंह मसाराम यांनी १९१८ मध्ये गोंडीसाठी लिपी तयार केली. ती जून २०१७ मध्ये युनिकोडच्या दहाव्या आवृत्तीत आली, आणि गुंजाळा गोंडी लिपी पुढच्या वर्षी अकराव्या आवृत्तीत. मसाराम लिपीला तक्त्यात जागा मिळायला ९९ वर्षे लागली. आता तिची अक्षरे पडद्यावर नीट जुळतात की नाही, हे कोण सांगणार? ती लिपी वाचणारे मोजकेच आहेत. त्यांच्यातील एकाने ‘जाऊ दे’ म्हटले, तर तो दोषच पुढच्या पिढीला लिपी म्हणून शिकवला जाईल.

२६/
भवभूतीने आपल्या समानधर्म्याची वाट काळाच्या आणि पृथ्वीच्या भरवशावर पाहिली. त्याला तो स्तुती करणारा हवा होता की समजून घेणारा, हे प्रत्येक वाचकाने ठरवावे. पण ज्याला तीच वस्तू नीट व्हावीशी वाटते, जो ती इतकी जवळून पाहतो की अर्ध्या ‘र’ची चूकही त्याला खुपते, आणि जो ती चूक दुसऱ्याला दिसेल अशी मांडण्याचे कष्ट घेतो, त्याच्याइतका समानधर्मा दुसरा कोण? पदमपूरच्या कवीला त्याच्यासाठी अनंत काळ थांबायची तयारी ठेवावी लागली. आज तो कदाचित आमगावच्या बाजारात, झेरॉक्सच्या दुकानात बसलेला असेल. त्याने लिहावे. आणि पलीकडच्याने एकदा तरी विचारावे, कोणत्या कळा दाबल्या.

(धागा समाप्त)